नितळ पाण्यातले ९१ तास

फिश टँकमधले मासे एका रात्रीत मेले, असं आपण म्हणतो. रात्री झोपताना बरे होते, सकाळी उलटे तरंगत होते. मग कुणाची दृष्ट लागली, खाणं भेसळीचं होतं, दुकानदारानं आजारीच मासे दिले, अशी कारणं निघतात. खरं कारण बहुतेक वेळा तीन-चार दिवस मागे असतं, आणि ते घरातल्याच हातांनी, चांगल्या मनानं घडलेलं असतं. टाकीला वास यायला लागला, जिकडेतिकडे बुळबुळ धरली, म्हणून एका रविवारी बाह्या सरसावून ती लख्ख घासली गेली.

पुढचा घटनाक्रम कुणा एका घराचा नाही. मे महिना, महाराष्ट्रातल्या शहरातला फ्लॅट आणि हॉलमधली दोन फुटी टाकी, असं चित्र समोर ठेवून तो रचला आहे. त्यातलं रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मात्र खरं आहे. घरगुती टाक्या बुडतात त्या याच पायऱ्यांनी. जवळपास प्रत्येक पायरीवरून मागे फिरता येतं. ती वाट कुठे होती हे दाखवण्यासाठी हा घटनाक्रम मांडला आहे.

टाकी अशी: लांबी २ फूट, रुंदी १ फूट, उंची सव्वा फूट. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ६० लिटर. आत ३ एंजल, ६ टायगर बार्ब, २ गुरामी आणि वीतभर वाढलेला एक सकर. बार्ब आणले तेव्हा ७ होते. सातवा दिसेनासा झालाय, पण मोजदाद कुणी केलेली नाही. फिल्टर एकच, आतून काचेला चिकटवलेला, स्पंजचा. पाणी गाळणं आणि त्यात हवा मिसळणं, ही दोन्ही कामं त्याच्याकडे.

आधीचे पंधरा दिवस

झाकण उघडलं की वास येतोय. सुरुवातीला ओल्या मातीचा होता, आता त्यात कुजकटपणा मिसळलाय. पाण्यावर तेलकट तवंग आहे. फिल्टरमधून निघालेले बुडबुडे फुटत नाहीत, कडेला जाऊन साचतात. समोरच्या काचेजवळ, जिथे संध्याकाळचं ऊन पडतं, तिथे खड्यांवर निळसर हिरवा थर चढलाय. चिमटीत धरला की दुधावरची साय निघावी तसा त्याचा अख्खा तुकडा उचलून येतो. फिल्टरच्या स्पंजवर तपकिरी गाळ आहे, हाताला गुळगुळीत लागणारा.

घरच्यांच्या लेखी ही सगळी एकच घाण. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे निरोपही वेगळे आहेत.

तवंग म्हणजे खाण्यातली चरबी, प्रथिनं आणि त्यांवर जगणारे जिवाणू. पाण्याचा पृष्ठभाग पुरेसा हलत नाही, असं तो सांगतो. फिल्टरचं तोंड थोडं वर करून पाण्यात खळबळ केली की तो मोडतो. तोपर्यंत वर्तमानपत्राचा कोरा कागद पाण्यावर पसरून अलगद उचलला तरी बराचसा निघून येतो.

निळसर हिरवा थर आपण शेवाळ समजतो, पण ते सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू. जास्तीचं खाणं, कोपऱ्यात तुंबलेलं पाणी आणि जास्त उजेड मिळाला की ते पसरतात. मातीचा वास त्यांचाच. त्यांच्यातल्या अनेक जाती जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात. पहिल्या पावसात जमिनीतून येणाऱ्या वासातही तेच असतं, आणि माणसाच्या नाकाला ते पाण्यात लिटरमागे ५ ते १० नॅनोग्रॅम एवढं असलं तरी कळतं. थर सायफनच्या नळीनं ओढून काढायचा, खाणं कमी करायचं, तीन-चार दिवस टाकीवर जाड कापड टाकून अंधार करायचा आणि हवेचा पंप चालू ठेवायचा. एवढ्यानं बहुधा भागतं.

कुजकट वास तिसऱ्या ठिकाणाहून येतोय: कुठेतरी मांस किंवा खाणं सडतंय. सडक्या अंड्यासारखा वास असता तर खड्यांच्या खालच्या थरात किंवा बंद पडलेल्या फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय, असं समजायचं. इथे तसं नाही. इथे वास माशाचा आहे.

चौथी गोष्ट, स्पंजवरचा तपकिरी गाळ. टाकीतला प्रत्येक मासा त्याच्या भरवशावर जगतोय.

बुळबुळीशी झगडा टाकीच्या छंदाइतकाच जुना आहे. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानं गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. पानं सडून त्याचंही पाणी गढूळ झालं होतं, आत बुळबुळीत थर चढला होता. त्यानं टाकी उपसली नाही. सडकी पानं खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या आणि पाणी सावरलं. सडतंय काय ते शोधा आणि तेवढंच काढा, हा धडा तेव्हापासून उपलब्ध आहे.

९१ तास आधी: रविवार, सकाळी १०

"आज हा टँक धुऊनच काढू या. संध्याकाळी माणसं यायचीत, झाकण उघडलं की लाज वाटते," आई म्हणते.

बाबा दोन बादल्या आणतात. मासे जाळीनं एका बादलीत जातात.

"बाबा, सगळं पाणी काढायचं?" मुलगी विचारते.

"सगळं. अर्धवट केलं तर वास तसाच राहील."

फिल्टर ओढून काढताना त्याच्यामागच्या बोटभर फटीतून सातवा बार्ब बाहेर येतो. पट्टे गेलेले, पोट फुटलेलं, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी. कुजकट वास कुठून येत होता, याचं उत्तर आता बाबांच्या तळहातावर आहे.

इथे थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. मेलेला मासा टाकून द्यायचा, सायफननं खड्यांमधला गाळ ओढत एक तृतीयांश पाणी काढायचं, तेवढंच क्लोरीन घालवलेलं पाणी भरायचं. अर्ध्या तासाचं काम. वास दोन दिवसांत गेला असता. पण बादल्या भरल्यात, नळी लागलीय आणि काम अंगात आलंय.

९० तास आधी: रविवार, सकाळी ११

स्पंज नळाखाली येतो. पहिल्या पिळ्याला चहासारखं तपकिरी पाणी निघतं. दुसऱ्याला थोडं फिकं. बाबा पिळत राहतात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. दहाव्या-बाराव्या पिळ्याला स्पंज नवा कोरा दिसतो.

जे गटारात गेलं, ते समजून घ्यायला हवं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा सडूनही अमोनियाच होतो. तो माशांना विष आहे. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे काम जिवाणू करतात, हे सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास सिद्ध केलं. दुसऱ्या पायरीचं श्रेय नायट्रोबॅक्टरला देण्याची पद्धत होती. १९९८ साली अमेरिकेत टिमथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा ते काम मुख्यतः नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू करतात असं दिसलं.

हे जिवाणू पाण्यात फारसे पोहत नाहीत. स्पंजवर, खड्यांवर, काचेवर स्वतः तयार केलेल्या चिकट थरात बसून राहतात. आणि ते अतिशय सावकाश वाढतात. सडक्यावर जगणारे सामान्य जिवाणू अनुकूल परिस्थितीत तासाभरातही दुप्पट होतात. यांना अर्धा दिवस, कधी दिवसापेक्षा जास्त लागतो. म्हणून नवी टाकी जमायला चार ते सहा आठवडे जातात. ती जवळजवळ सगळी जमवाजमव नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली दहा-बारा पिळ्यांत निघून गेली.

खडे कढत पाण्यातून काढले जातात. काच भांड्यांच्या घासणीनं, साबणासह. थर जिथे जिथे होता, तिथून गेला.

स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा दाबायचा. गाळ निघतो, जिवाणू राहतात. स्पंज तपकिरी दिसत राहिला पाहिजे.

८८ तास आधी: रविवार, दुपारी १

टाकी भरली. अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले, ते बरं झालं. त्यातलं सोडियम थायोसल्फेट क्लोरीनचा बंदोबस्त करतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावं लागतं. ते माणसाच्या भल्याचं आहे, माशाच्या कल्ल्यांना मात्र जाळतं.

पण क्लोरीनपलीकडे आणखी एक बदल झालाय आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बरेच दिवस पाणी बदललं नाही, फक्त वरून भर घातली, की जिवाणूंच्या कामामुळे टाकीतलं पाणी हळूहळू आम्ल होत जातं. जुन्या पाण्याचा सामू ७ च्या आसपास उतरला होता. नळाचं पाणी ८ च्या जवळ आहे. मासे एका क्षणात एका पाण्यातून दुसऱ्यात गेले.

पाणी नितळ आहे. मुलगी फोटो काढते.

८० तास आधी: रविवार, रात्री ९

माणसं येऊन गेली, टाकीचं कौतुक करून गेली. "बिचारे दिवसभर उपाशी आहेत," म्हणत आई दोन चिमटी दाणे जास्त टाकते.

टाकीला आता कसलाच वास नाही. गेल्या पंधरा दिवसांत टाकी एवढी धोक्यात कधीच नव्हती, आणि ते सांगायला नाक उपयोगाचं नाही. कल्ल्यांना इजा करणारा अमोनिया लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावा लागतो. तेवढ्यावर हॉलमध्ये बसलेल्या माणसाला काही कळत नाही. वास होता तेव्हा अमोनिया पचवणारे जिवाणू होते. आता वास नाही आणि तेही नाहीत.

मत्स्यपालनातला ठोकताळा असा: खाण्याचं वजन, त्यातलं प्रथिनांचं प्रमाण आणि ०.०९२ यांचा गुणाकार केला की तयार होणारा अमोनिया मिळतो. ४० टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम खाणं म्हणजे साधारण ३७ मिलिग्रॅम. ६० लिटर पाण्यात लिटरमागे ०.६. या घरात रोज सुमारे २ ग्रॅम खाणं पडतं.

६९ तास आधी: सोमवार, सकाळी ८

एंजल कोपऱ्यात उभे आहेत. बार्ब एरवी एकमेकांच्या मागे धावतात, आज थंड आहेत. "नव्या पाण्याला रुळतायत," बाबा म्हणतात. खाणं पडतं. ते अर्धंच खाल्लं जातं, उरलेलं खड्यांत जातं.

आज खाणं बंद ठेवलं असतं तर बरंच काही टळलं असतं. धडधाकट मोठ्या माशाला दोन-तीन दिवस न खाता काही होत नाही. अडचणीतल्या टाकीत सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे उपवास.

५६ तास आधी: सोमवार, रात्री ९

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, त्या मानानं निरुपद्रवी. दुसरा मुक्त अमोनिया, जो सरळ कल्ल्यांतून शरीरात शिरतो. कुठला किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. ३० अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम ०.८ टक्के भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की साडेसात टक्के. म्हणजे तोच अमोनिया जुन्या पाण्यात होता त्यापेक्षा नव्या, स्वच्छ पाण्यात नऊपट विषारी.

एकूण अमोनिया आता लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या पुढे गेलाय. मुक्त अमोनिया कायम ०.०२ च्या खाली ठेवावा, असं मत्स्यपालनात मानतात. इथे तो चौपट झालाय.

थेंबांची चाचणी करायचं किट माशांच्या दुकानात मिळतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडायचा. रंग हिरवा आला असता तर आज रात्रीच पाव भाग पाणी बदलता आलं असतं, आणि उद्या पुन्हा. पण पाणी इतकं स्वच्छ दिसतंय की चाचणी करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

४६ तास आधी: मंगळवार, सकाळी ७

पाण्यात पांढुरकी झाक आहे. ताकाच्या निवळीएवढी, फार नाही. मागच्या काचेवर चिकटवलेलं चित्र पुसट दिसतंय.

सगळीकडचे थर पुसले गेले आणि सडणारं खाणं मात्र भरपूर, अशी रिकामी जागा झटपट वाढणाऱ्या जिवाणूंना मिळालीय. ते अमोनिया खात नाहीत. सडकं खातात, अमोनिया वाढवतात आणि त्यासाठी ऑक्सिजन ओढतात. पाणी दुधाळ दिसतं ते त्यांच्या संख्येमुळे.

उन्हाळ्यात ऑक्सिजन आधीच तुटपुंजा असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. पाणी तापलं की माशांची गरज वाढते आणि पुरवठा घटतो.

३२ तास आधी: मंगळवार, रात्री ९

पाणी गढूळ म्हणजे रोग, असं ठरतं. दुकानातून निळं औषध येतं. मेथिलीन ब्लूचे थेंब पडतात आणि पाणी शाईच्या रंगाचं होतं.

मेथिलीन ब्लू बुरशीवर चालतं, माशांच्या अंड्यांना वापरतात. वेगळ्या बादलीत आजारी मासा ठेवून द्यायचं ते औषध आहे. मुख्य टाकीत टाकलं की स्पंजच्या आतल्या भागात जे थोडे उपयोगी जिवाणू तगून राहिले असतील, त्यांचीही वाढ मारतं. शिवाय निळ्या पाण्यात मासे नीट दिसत नाहीत, म्हणजे पहारा उठला.

ओळखीच्या कुणाकडे जुनी, नांदती टाकी असेल तर तिथला स्पंजचा एक मळका तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये कोंबायचा, हा आजचा खरा उपाय होता. त्या तुकड्याबरोबर तयार वसाहत येते.

२२ तास आधी: बुधवार, सकाळी ७

बुळबुळ परत आलीय. या वेळी माशांच्या अंगावर.

एंजलच्या कडांवर करडी झाक आहे, बारीक धागे लोंबतायत. अमोनियानं कातडी आणि कल्ले चुरचुरले की मासा स्वतःच जास्तीचा चिकट स्राव सोडतो. तो त्याचा बचाव. कल्ल्यांवरही तोच थर चढतो आणि श्वास घेणं अवघड होतं. कल्ल्यांची झाकणं भराभरा उघडतायत, मिटतायत. बार्ब फिल्टरच्या तोंडाशी गोळा झालेत, जिथे पाणी खळाळतंय. "बघ, कसे हवा खातायत," असं कौतुकानं म्हटलं जातं.

मासे एकगठ्ठा पृष्ठभागाशी किंवा फिल्टरच्या तोंडाशी थांबलेले दिसले, तर दुसरी कुठलीही शंका न घेता पाणी बदलायला घ्यावं.

११ तास आधी: बुधवार, संध्याकाळी ६

वास परत आला, आंबूस. रविवारपासून पडलेलं न खाल्लेलं खाणं खड्यांत कुजतंय. एकूण अमोनिया लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर, मुक्त अमोनिया ०.०२ च्या दहापटीहून जास्त. पृष्ठभागावर पुन्हा तवंग धरलाय.

"रविवारी परत धुऊ," ठरतं. बाहेर आभाळ भरून आलंय.

६ तास आधी: बुधवार, रात्री ११

वळवाचा पाऊस, वारा, आणि वीज जाते. घरात इन्व्हर्टर आहे. पंखे आणि दिवे त्यावर चालू राहतात. टाकीचा प्लग त्या सर्किटवर नाही. फिल्टरची घरघर थांबते. पंख्याच्या आवाजात ते कुणाला जाणवत नाही.

हवेचा साधा पंप ३ ते ५ वॅटचा असतो. इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालला तरी बॅटरीला कळत नाही.

४ तास आधी: गुरुवार, मध्यरात्री १

हिशेब मांडू. वीज गेली तेव्हा पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन होता असं धरलं, तर ६० लिटरमध्ये झाला ३०० मिलिग्रॅम. माशांचं एकूण वजन पाव किलोच्या आतबाहेर. उबदार पाण्यात त्यांना ताशी ५० ते ६० मिलिग्रॅम लागतो. दुधाळ पाण्यातले जिवाणू त्याशिवाय. वरून थोडा ऑक्सिजन आत उतरतो, पण पाणी स्थिर आहे, वर तवंग आहे आणि झाकण बंद आहे. साठा पहाटेपर्यंतचाच आहे.

२ तास आधी: पहाटे ३

मोठ्या माशांना आधी कमी पडतं. तिन्ही एंजल तिरके होऊन पृष्ठभागाशी तोंड लावून आहेत. पाण्याचा अगदी वरचा थर हवेला लागून असतो, ऑक्सिजन तिथेच थोडा जास्त. मासे तो ओढतायत. बार्ब त्यांच्या मधून डोकं वर काढतायत.

१ तास आधी: पहाटे ४

पाणी प्यायला उठलेल्या बाबांच्या मोबाइलचा उजेड टाकीवर पडतो. सगळे मासे वर, तोंडं उघडी. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळतं. फिल्टर बंद आहे हेही दिसतं. पण टाकीच्या प्लगला वीज नाही, तर करणार काय?

करण्यासारखं होतं. झाकण उघडायचं. तांब्यानं टाकीतलं पाणी घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, सलग पंधरा-वीस मिनिटं. तवंग फाटतो, हवा मिसळते. घरात साठवलेलं पाणी असेल तर पाव भाग बदलायचा. तांब्याला वीज लागत नाही. त्या घरात हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

० तास: गुरुवार, पहाटे ५

रात्रभर कुणी ऑक्सिजन तयार करत नाही, सगळे फक्त वापरतात; त्यामुळे तो पहाटे सगळ्यात कमी असतो. तिन्ही एंजल गेलेत. सहापैकी पाच बार्ब गेलेत. सहावा खड्यांवर आडवा पडून कल्ले हलवतोय.

नंतरचे तास

दोन्ही गुरामी आणि सकर जिवंत आहेत, आणि त्याला कारण आहे. गुरामीच्या डोक्यात चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो, त्यातून ती थेट हवा घेते. सकर हवा गिळून पोटाच्या अस्तरातून ऑक्सिजन शोषू शकतो. म्हणजे रात्री संपला होता तो ऑक्सिजन. अमोनियानं मासे दुबळे केले, त्याची सुरुवात रविवारच्या नळापाशी झाली; बंद फिल्टरनं शेवट केला.

वाचलेल्यांसाठी आता क्रम असा. मेलेले मासे ताबडतोब बाहेर काढा. खाणं बंद. पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, रोज, अमोनिया खाली येईपर्यंत. फिल्टर सुरू करण्याआधी स्पंज टाकीच्याच पाण्यात दाबून घ्या, कारण बंद काळात त्यातही सड झाली असेल. चार ते सहा आठवडे नवा मासा आणू नका. नंतरही ६० लिटरच्या टाकीत वीतभर सकर ठेवू नका. तो वाढला की शेवाळ खातो त्यापेक्षा घाण जास्त करतो. तो दुकानदाराला परत द्या, नदी-तळ्यात सोडू नका. असे सोडलेले सकर भारतातल्या अनेक जलाशयांत पसरले आहेत आणि तिथल्या माशांच्या मुळावर आलेत.

आणि टाकीला पुन्हा वास आला, तर आधी मासे मोजा. कमी भरला तर फिल्टरमागे, शोभेच्या किल्ल्यात, खड्यांच्या कोपऱ्यात शोधा. मग खाणं निम्मं करा, सायफननं गाळ ओढा, पाव भाग पाणी बदला, फिल्टरचं तोंड वर करा. काच पुसलीत तर त्या दिवशी खडे धुऊ नका. खडे ढवळलेत तर फिल्टरला हात लावू नका. दोन कामांत आठवडा जाऊ द्या.

टाकी सांभाळणं म्हणजे मासे सांभाळणं, असं आपण धरून चालतो. मासे आपल्या हातात नसतातच; पाण्याची काळजी आपण घ्यायची आणि माशांची काळजी त्या पाण्यातल्या जिवाणूंनी. त्यांचा थर मळका दिसतो, बुळबुळीत लागतो, आणि पाहुण्यांसमोर शोभत नाही. तरी तो राहू द्या.